‘१८ मीटर, ६.२ ग्रॅम’: ड्रिलिंगचे निकाल कसे उलगडायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेल्या एका छोट्या सोनं-शोध कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत. कंपनीने मध्यंतरी जाहीर केलं: ‘होल क्रमांक ११ मध्ये २१४ मीटरपासून १८ मीटर, ६.२ ग्रॅम प्रति टन, त्यातला १.५ मीटर ६१ ग्रॅमचा.’ म्हणजे ड्रिलिंगच्या अकराव्या भोकात एवढ्या लांबीत एका टन खडकामागे इतके ग्रॅम सोनं. सोबत ७ आणि ८ क्रमांकाच्या होलचे बेताचे आकडे होते. त्या सकाळी भाव उसळला आणि आठवड्याभरात होता त्याच्याही खाली आला. निकाल चांगला होता की नाही, आणि चांगला असेल तर भाव का पडला, हे तुम्हाला कळत नाहीये.

हे खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला खडकाचा, दुसरा बाजाराचा. दोन्ही एकत्र केले की गोंधळ होतो, कारण खडक चांगला असूनही भाव पडू शकतो आणि खडक फालतू असूनही महिनाभर चढू शकतो. तुम्ही पाठवलेली एक ओळ ही मथळ्याची ओळ आहे. ती खोटी असेलच असं नाही, पण ती निवडलेली असते. तिच्याखालचा तक्ता, नकाशा आणि सेक्शन (जमिनीचा उभा छेद दाखवणारं चित्र) बघितल्याशिवाय ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ असं मी तरी म्हणणार नाही. ते तुम्हाला घरबसल्या बघता येतं, म्हणून कसं बघायचं ते लिहितो.

तुम्ही वेंगुर्ल्याचे, म्हणजे बोअरवेलची गाडी दारात उभी राहिलेली पाहिली असणार. एकाच्या परसात १८० फुटांवर पाणी लागतं आणि गडग्यापलीकडे ३०० फूट जाऊनही नुसता काळा भुगा उडतो. खनिजाचं तसंच आहे. शोधकामात बरेचदा एनक्यू मापाचा कोअर, म्हणजे खडकाचा अखंड गोल दांडा काढतात, त्याचा व्यास ४७.६ मिलिमीटर. म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढा एक दांडा, आणि पुढचा दांडा कदाचित शंभर मीटर लांब. मधलं सगळं अंदाजाचं. एका होलचा निकाल म्हणजे त्या जागी, त्या दिशेने, त्या दांड्यात काय सापडलं एवढंच. तिथून खाणीपर्यंतचा रस्ता फार लांब आहे.

आता तो आकडा सोडवू. वहीवर करा, मिनिटाचं काम आहे. १८ मीटर गुणिले ६.२ म्हणजे १११.६. याला ग्रॅम-मीटर म्हणतात. आतला १.५ मीटर गुणिले ६१ म्हणजे ९१.५. वजा केलं की २०.१ उरतात, आणि ते पसरलेत उरलेल्या १६.५ मीटरवर. भागाकार केला तर १.२ ग्रॅम. थोडक्यात, एकूण सोन्याच्या ८२ टक्के सोनं दीड मीटरमध्ये आहे आणि बाकीच्या साडेसोळा मीटरची सरासरी १.२. मथळा वाचताना ‘अठरा मीटर जाड, सहा ग्रॅमचा थर’ असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते चित्र या खडकाचं नाहीच.

पण १.२ हीसुद्धा सरासरीच. तिच्या आत काय आहे ते शेवटच्या पानांवरच्या तक्त्यात मीटरगणिक दिलेलं असतं, निदान असायला हवं. समजा तुमच्या होलचा तक्ता असा निघाला: २१४ ते २१६ मीटर ३.१ ग्रॅम, २१६ ते २२१.५ मध्ये ०.२, २२१.५ ते २२३ मध्ये ६१. २२३ ते २२९.५ मध्ये ०.४, आणि २२९.५ ते २३२ मध्ये ४.०८. बेरीज करून बघा, बरोबर १११.६ येते. पण आता चित्र बदललं. हा १८ मीटरचा थर नाही. या तीन वेगवेगळ्या बारीक शिरा आहेत, आणि मध्ये साडेपाच आणि साडेसहा मीटर जवळजवळ रिकामा खडक. तो रिकामा खडक सरासरीत घेतला, म्हणून लांबी १८ दिसली. याला आतली मिसळ म्हणा, इंग्रजी कागदात ‘इंटर्नल डायल्यूशन’ असं लिहिलेलं सापडेल. बारीक शिरांच्या सोन्यात २ ते ३ मीटरपर्यंतचा सलग रिकामा खडक आत घेणं मी चालवून घेतो. साडेसहा मीटर घेतला असेल तर मथळा फुगवलाय असं समजतो.

हे तपासायला ऑस्ट्रेलियन कंपनीच्या बाबतीत सोपं पडतं. तिथे निकाल कसे जाहीर करायचे याची जॉर्क नावाची संहिता आहे. तिच्या २०१२च्या आवृत्तीप्रमाणे प्रत्येक निकालाच्या शेवटी ‘टेबल १’ जोडावं लागतं. त्याच्या दुसऱ्या भागात ‘डेटा ॲग्रिगेशन मेथड्स’ असा रकाना असतो. सरासरी कशी काढली, खालची मर्यादा किती धरली, रिकामा खडक किती मीटर चालवला, वरचा आकडा छाटला का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक गुंतवणूकदार पहिलं पान वाचून थांबतात, कारण हे टेबल दिसायला रटाळ असतं. शेतजमीन घेताना सातबाराच्या इतर हक्काचा रकाना न बघण्यासारखं आहे ते. कॅनडातल्या कंपन्यांना एनआय ४३-१०१ हा नियम लागतो. तिथे असं टेबल नसतं, पण हीच माहिती मजकुराच्या शेवटी बारीक अक्षरात मिळते.

छाटणीचंही बघून घ्या. सोनं खडकात गुळासारखं एकसारखं पसरलेलं नसतं, दाण्यादाण्याने असतं. एक मीटर एनक्यू कोअरचं वजन साधारण पावणेपाच किलो. तो लांबीत अर्धा कापून एक फाक लॅबला पाठवतात, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो. ते दळून त्यातले फक्त ३० किंवा ५० ग्रॅम भट्टीत वितळवून सोनं मोजतात. त्या ५० ग्रॅममध्ये एखादा जाड दाणा आला की आकडा ६१ होतो, नाही आला की ९. म्हणून साठा मोजताना फार मोठे आकडे एका मर्यादेवर छाटतात. समजा ६१ ऐवजी ३० धरले, तर १.५ मीटरचे ४५ आणि बाकीचे २०.१ मिळून ६५.१, आणि १८ मीटरची सरासरी ६.२ वरून ३.६ वर येते. तुमचा निकाल छाटणीनंतर किती उभा राहतो, हे निकाल किती पक्का याचं बरं माप आहे. जाड दाण्याचं सोनं असेल तर चांगली कंपनी चाळणी लावून केलेली भट्टी-तपासणी किंवा अर्धा किलोचा नमुना लागणारी फोटॉन तपासणी करून घेते आणि तसं लिहिते.

यानंतर खरी जाडी. ‘१८ मीटर’ ही होलच्या रेषेवर मोजलेली लांबी आहे, शिरेची जाडी नव्हे. पाव सरळ कापला तर काप लहान, तिरका कापला तर लांब, पण पाव तेवढाच. आकड्यात सांगतो. समजा शीर पूर्वेकडे ७० अंशांनी खाली उतरते. पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे ६० अंशांत होल मारलं, तर होल आणि शीर यांच्यात ५० अंशांचा कोन होतो आणि १८ मीटरची खरी जाडी साधारण १३.८ मीटर येते. हे ठीक आहे. पण तेच होल पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे शीर ज्या बाजूला उतरते त्याच बाजूला मारलं, तर कोन फक्त १० अंश. होल शिरेच्या अंगाअंगाने घसरत जातं आणि १८ मीटरची खरी जाडी ३.१ मीटर. कागदावर दोन्हीकडे ‘१८ मीटर’च. होलचं तोंड कुठल्या दिशेला आणि किती अंशांत होतं ते तक्त्यात दिलेलं असतं, शिरेचा उतार सेक्शनच्या चित्रात. दोन्ही जुळवा. ‘डाऊन-होल लेंग्थ, ट्रू विड्थ नॉट नोन’ असं वाक्य असेल तर कंपनी नियमाप्रमाणे प्रामाणिक आहे, पण अजून तिलाच शिरेचा उतार कळलेला नाही. पहिल्या चार-पाच होलना हे माफ. तिसाव्या होललाही तेच वाक्य असेल तर शंका घ्या.

एवढं वाचून निराश होऊ नका. बारीक शीर म्हणजे टाकाऊ शीर, असं अजिबात नाही. भूमिगत खाणीत माणूस आणि यंत्र जायला किमान सव्वा-दीड मीटर जागा करावीच लागते. समजा तुमची १.५ मीटरची शीर तिरकी कापली गेली आहे आणि खरी पाऊण मीटर आहे. दीड मीटर खोदलं की निम्मा रिकामा खडक मिसळेल आणि ६१ चे साडेतीस होतील. साडेतीस ग्रॅमसुद्धा उत्तमच. प्रश्न एवढाच की ती शीर ३० मीटर वर, ३० मीटर खाली, ५० मीटर बाजूला सापडते का. सलग शंभर मीटर गेलेली १२ ग्रॅमची पाऊण मीटर शीर मला एका होलमधल्या ६१ ग्रॅमपेक्षा जास्त आवडते.

खोलीही बघा. ६० अंशांच्या होलमध्ये २१४ मीटर म्हणजे जमिनीखाली सरळ मोजलं तर साधारण १८५ मीटर. तिथे बारीक शिरेसाठी खुली खाण परवडत नाही, भूमिगतच जावं लागेल. उथळ, मऊ, झिजलेल्या खडकात १ ग्रॅमवरही खुली खाण चालू शकते. बारीक शिरेच्या भूमिगत खाणीला सर्वसाधारणपणे त्याच्या काही पट लागतात. हे सोन्याचा भाव, रस्ता, वीज आणि खडकाची मजबुती यावर मागेपुढे होतं, म्हणून हे आकडे दगडावरची रेघ समजू नका.

नमुना कसा काढला हे तितकंच महत्त्वाचं, आणि इथे बोअरवेलचं उदाहरण पुन्हा कामाला येतं. आपल्याकडच्या गाडीत हवेच्या दाबाने भुगा दांडा आणि भोकाची भिंत यांच्या मधल्या फटीतून वर येतो. येताना भिंतीची माती खरवडत येतो. म्हणून केसिंग नीट बसलं नसेल तर काळा कातळ लागल्यावरही भुग्यात वरच्या जांभ्याची लाल माती दिसत राहते. असा नमुना सोनं मोजायला चालत नाही. शोधकामातल्या आरसी पद्धतीत पाइप दुहेरी असतो आणि भुगा आतल्या नळीतून वर येतो, त्यामुळे भिंतीचा संबंध तुटतो. तरीही भरपूर पाणी लागलं आणि नमुने ओले आले की वरचं सोनं खालच्या नमुन्यांत सांडत जातं. खूण ओळखायची सोपी आहे: तक्त्यात एकदम मोठा आकडा आणि त्याखाली ८, ४, २, १ असे उतरत जाणारे आकडे. निसर्गात शीर अशी क्वचित उतरते. ओल्या आरसीवर उभा असलेला लांब आकडा डायमंड कोअरने (हिरे जडवलेल्या टोकाने अखंड दांडा कापून काढायची पद्धत) शेजारी होल मारून खरा ठरेपर्यंत मी अर्ध्यावरच धरतो. ऑगर, रॅब असल्या स्वस्त पद्धतींचे आकडे दिशा दाखवण्यापुरते. त्यांच्या ग्रेडवरून, म्हणजे टनामागच्या ग्रॅमवरून, साठ्याचं गणित करू नये.

डायमंड कोअरमध्ये प्रश्न वेगळा असतो. ३ मीटर खोदलं आणि पेटीत १.८ मीटरच कोअर आला, तर रिकव्हरी ६० टक्के. उरलेला भाग पाण्यासोबत वाहून गेला, आणि वाहून जाणारा भाग नेहमी मऊ असतो. आपल्याकडच्या बॉक्साइटमध्ये हे उघड दिसतं: चिकणमाती धुऊन जाते, कठीण गोटे उरतात आणि कागदावर ॲल्युमिना असतं त्यापेक्षा छान दिसतं. सोन्यात उलटंही होतं, मऊ शिरेतलं सोनंच वाहून जातं. ९० टक्क्यांच्या खाली रिकव्हरी असलेल्या भागात मोठा आकडा असेल तर कंपनीने त्याबद्दल स्वतःहून काहीतरी म्हणायला हवं.

कोअरची दुसरी फाक का जपून ठेवतात, याचा धडा १९९७ साली सगळ्या जगाला मिळाला. ब्री-एक्स ही कॅनडाची कंपनी इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या बुसांग इथे जगातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक सोन्याचा साठा सापडल्याचं सांगत होती. तिचं बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या आसपास गेलं होतं. कोअरचा अर्धा भाग न ठेवता सगळाच दळून पाठवला जात होता, म्हणजे फेरतपासणीला काही उरतच नव्हतं. दुसऱ्या कंपनीने शेजारी होल मारली तेव्हा सोनं जवळजवळ नव्हतंच. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. कॅनडाचा ४३-१०१ नियम त्यानंतर, २००१ मध्ये आला. आता अशी उघड भेसळ दुर्मीळ आहे. तरी मी तीन शब्द शोधतोच: ब्लँक, स्टँडर्ड, डुप्लिकेट. रिकामा नमुना, माहीत असलेल्या ग्रेडचा नमुना आणि तोच नमुना पुन्हा. दर वीसेक नमुन्यांत यातलं काहीतरी लॅबला नकळत घुसवलेलं असावं. लॅब स्वतंत्र असावी.

आणि लॅबचा आकडा आलेलाच नसेल तर? ‘कोअरमध्ये डोळ्यांना दिसणारं सोनं’, ‘४० मीटर सल्फाइड’ (गंधकाची खनिजं), ‘स्पोड्युमिनचे (लिथियमच्या खनिजाचे) मोठे स्फटिक’, ‘हातातल्या एक्सआरएफने (क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या यंत्राने) इतके टक्के’ असे निकाल लॅबच्या आधी येतात. हातातलं यंत्र ज्या टिकलीएवढ्या जागेवर टेकवलं त्या जागेचा आकडा दाखवतं, आणि सोन्यासाठी तर ते भरवशाचं नाहीच. सल्फाइड बहुतेक वेळा नुसतं पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं स्वस्त खनिज निघतं. या बातमीवर शेअर घेणं म्हणजे लिलावाच्या आधी जाळ्याच्या वजनावरून पापलेटचे पैसे मोजणं. वर येतं तेव्हा कळतं की निम्मी तारली आहेत.

‘कॉपर इक्विव्हॅलंट’ असा शब्द दिसला की थांबा. तांबं, सोनं, चांदी, मॉलिब्डेनम सगळ्यांची किंमत तांब्यात बदलून एकच गुटगुटीत टक्का करतात. गणितात कुठले भाव धरले आणि प्रत्येक धातू कारखान्यात किती टक्के हाती येईल असं धरलं, हे तळटिपेत असतं. शंभर टक्के हाती येईल असं धरलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवून प्रत्येक धातूचा वेगळा आकडा वाचा.

लोह आणि बॉक्साइटबद्दल दोन ओळी, कारण रेडी-कळणे आणि दापोली-मंडणगड पट्ट्यामुळे आपल्याकडे तेच शेअर जास्त विचारले जातात. लोहात नुसता लोहाचा टक्का वाचू नका. सिलिका, ॲल्युमिना आणि फॉस्फरस हे भाव ठरवतात, आणि जागतिक भाव लोहाच्या ठरावीक टक्क्याच्या मालाला सांगितला जातो. शुद्ध हेमेटाइट या लोहखनिजातही लोह ७० टक्क्यांच्या आतच असतं, त्यामुळे लांब पट्ट्याला ६९ टक्के वगैरे कुणी सांगत असेल तर एखाद्या गोट्याचा आकडा सांगतोय. बॉक्साइटमध्ये एकूण ॲल्युमिनापेक्षा काढता येण्याजोगं ॲल्युमिना आणि रिॲक्टिव्ह सिलिका बघा, कारण ही सिलिका कारखान्यातला कॉस्टिक सोडा खाते. आपल्या सड्यावरचा जांभा हेच शिकवतो की पावसाने वरचा थर धुऊन तिथे लोह आणि ॲल्युमिना जमतं, खाली गेलं की मऊ चिकणमाती. तांब्या-सोन्याच्या बऱ्याच साठ्यांतही वरचे काही मीटर असेच श्रीमंत झालेले असतात. पहिल्या ३० मीटरमधला देखणा आकडा खालीही तसाच राहील हे गृहीत धरू नका.

भारतीय कंपन्यांसाठी शब्द वेगळे आहेत. आपल्याकडे २०१५ च्या नियमांप्रमाणे शोधाचे टप्पे जी-४, जी-३, जी-२, जी-१ असे उतरत्या क्रमाने पक्के होतात. जी-४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी. ‘इतके दशलक्ष टन’ असा आकडा जी-४ वर असेल तर तो बाजारात नेण्यासारखा माल नव्हे. आणि साठा पक्का असला तरी परवानगीचं वेगळंच असतं: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा खनिज जमिनीत जिथल्या तिथेच होतं.

परत तुमच्या कंपनीकडे. होल नकाशावर कुठे आहे? जुन्या चांगल्या होलपासून १५ मीटरवर मारलेलं होल चांगलं निघणारच. त्याचा उपयोग साठा पक्का करायला होतो, नवीन काही सापडलं असं नव्हे. १०० मीटर बाहेर जाऊन तशीच शीर लागली तर ती बातमी. ‘शेजारच्या कंपनीच्या मोठ्या खाणीपासून ४ किलोमीटरवर’ हे वाक्य गडग्यापलीकडच्या बोअरवेलइतकंच कामाचं.

साठ्याचा ढोबळ अंदाजही करता येतो. समजा पुढची होल लागली आणि शीर ४०० मीटर लांब, २०० मीटर खोल, खरी जाडी २ मीटर निघाली. खडकाची घनता २.७ धरली तर ४०० गुणिले २०० गुणिले २ गुणिले २.७ म्हणजे ४ लाख ३२ हजार टन. सरासरी १० ग्रॅम धरली तर ४.३२ टन, म्हणजे ४३ लाख २० हजार ग्रॅम सोनं. एका औंसात ३१.१ ग्रॅम, तेवढ्याने भागलं की साधारण १ लाख ३९ हजार औंस. सगळं मनासारखं झालं तर एवढं, आणि अजून एकच होल झालंय. कंपनीच्या आजच्या बाजारमूल्याला या औंसांनी भागून बघा. बाजाराने आधीच ५ लाख औंस सापडल्याची किंमत लावली असेल, तर चांगला निकालसुद्धा अपेक्षेपेक्षा कमी ठरतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथेच आहे. निकालाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांचा भाव आणि उलाढाल काढा. तेव्हाच भाव चढला असेल तर बातमीच्या दिवशी विकणारे तयार बसलेले होते. दुसरं कारण रोकड. शोध कंपनीला उत्पन्न नसतं, ती दर थोड्या महिन्यांनी शेअर विकून जगते. ऑस्ट्रेलियात दर तिमाहीला ‘अपेंडिक्स ५बी’ नावाचा रोख-प्रवाहाचा कागद द्यावा लागतो. हातात ३० लाख डॉलर आणि तिमाहीचा खर्च १५ लाख, म्हणजे दोन तिमाह्या. अशा वेळी चांगला मथळा आला की लगेच व्यवहार स्थगित होतो आणि सवलतीच्या भावात नवे शेअर विकल्याची घोषणा येते, वर फुकट ऑप्शन, म्हणजे पुढे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा हक्क. २० कोटी शेअरमध्ये ५ कोटींची भर पडली की तुमचा वाटा पाचव्या हिश्शाने घटतो. यात गैर काही नाही, ड्रिलिंगला पैसे लागतातच. पण १८ मीटरचा मथळा नेमका पैसे उभारायच्या आठवड्यात का आला, हे त्यावरून कळतं.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. तुम्ही ७, ८ आणि ११ असे क्रमांक लिहिलेत. ९ आणि १० कुठे आहेत? लॅबमधून यायचे असतील तर ‘असेज पेंडिंग’ असं लिहिलेलं असेल, मग वाट बघा. होल अर्धवट सोडली असतील तर तसं कारण दिलेलं असेल. तक्त्यात त्यांच्यासमोर ‘एनएसआय’ लिहिलं असेल, तर तिथे दखल घेण्याजोगं काही लागलं नाही. आणि कुठेच उल्लेख नसेल, तर नकाशावर ती ११ च्या कोणत्या बाजूला आहेत ते बघा आणि गुंतवणूकदारांसाठी दिलेल्या पत्त्यावर कंपनीला ईमेल करून सरळ विचारा. ११ च्या दोन्ही बाजूंना ५० मीटरवर ९ आणि १० असतील आणि दोन्ही कोरडी असतील, तर तुमची ६१ ग्रॅमची शीर तिथेच संपते.